अंधाऱ्या जगाला आमचीच नावे का?

गेल्या पावसाळ्यात आम्ही चार दिवस नावड्याला बहिणीकडे मुक्कामाला होतो. दिवा-पनवेल मार्गावर नावडे रोड नावाचे लहानसे स्थानक आहे. एका अंगाला तळोज्याची औद्योगिक वसाहत आणि दुसऱ्या अंगाला नव्या इमारती, असा तो मुलूख. शनिवारी रात्री भाच्याच्या खोलीत पाच मुले जमली. मोबाइल बाजूला ठेवले गेले. मधोमध कागद, पेन्सिली आणि वीस पैलूंचे फासे मांडले गेले. आम्हाला वाटले, अभ्यासाचा काही प्रकल्प असावा. तो खेळ निघाला.

या खेळात एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे तिच्यातली पात्रे होतात. कोणी तलवारबाज, कोणी मांत्रिक, कोणी चोर. समोर संकट आले की ज्याने त्याने काय करायचे ते सांगायचे, फासा टाकायचा, आणि पुढे काय घडले ते गोष्ट चालवणाऱ्याने सांगायचे. अशा गोष्टी महिनोन्महिने चालतात म्हणे. त्या रात्री गोष्ट चालवणारा होता भाच्याचा शाळेपासूनचा मित्र. आगरी घरातला, वाचणारा, गुणी मुलगा. ईदला शीरखुर्म्यासाठी सगळ्यात आधी हजर असतो. त्याच्या गोष्टीतली माणसे आता आपले जग सोडून एका दुसऱ्या, वैरी जगात शिरणार होती. या खेळात अशा जगाला प्लेन म्हणतात. आपण पाताळलोक म्हणतो, मृत्युलोक म्हणतो, उर्दूत आलम म्हणतात, तसेच काहीसे. त्याचा नकाशा तो तयार करत होता. भाचा आमच्याकडे धावत आला. म्हणाला, "मामू, जरा भयानक नावं सांगा ना. उर्दू-अरबीतली."

आम्ही विचारले, कशाला? मित्राने नकाशा पुढे केला. काळे वाळवंट. काळे मिनार. सेनापतीचे नाव मलकुल मौत. राजधानीचे नाव करबला. आणि नियम असा, की दिवसातून पाच वेळा उंच बुरुजावरून एक लांबलचक आवाज येतो आणि तो ऐकताच पिशाच्चे बाहेर पडतात. यातली दोन नावे भाच्याने स्वतः पुरवली होती. मित्र अगदी निर्मळ मनाने म्हणाला, "तुमच्या नावांना वजन असतं ना मामू. नुसतं ऐकलं तरी काटा येतो."

आमच्याही अंगावर काटा आला, पण कारण वेगळे होते. हा लेख त्या मुलाविरुद्ध नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्याच्या मनात द्वेष असता तर उत्तर सोपे होते. त्याच्या मनात द्वेष नाही, तरीही अंधार रंगवायला घेतल्यावर त्याचा हात आपसूक आमच्याच कपाटाकडे गेला. आणि कपाट उघडून द्यायला आमचाच पोरगा पुढे झाला. आमचे भांडण या आपसूकपणाशी आहे.

हा आपसूकपणा नावड्यात जन्मलेला नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा या जातीचा मूळ खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. खेळाचे विश्व वाढत गेले तशी त्याला लागून असलेली इतर जगेही वाढली. १९८७ साली केवळ या जगांचे वर्णन करणारे एक जाडजूड पुस्तक निघाले. त्यात अग्नीचे एक जग आहे. त्या आगीच्या समुद्रात पितळेचे शहर. शहराचा मालक सुलतान, रहिवासी इफ्रीत. इफ्रीत म्हणजे क्रूर, गर्विष्ठ, माणसांना गुलाम करणारे. गोष्ट चालवणाऱ्यासाठीचे मार्गदर्शक पुस्तक १९७९ साली निघाले, त्याच्या मुखपृष्ठावरच अवाढव्य लाल इफ्रीत आहे, त्याच्या मुठीत एक स्त्री आहे, आणि मलपृष्ठावर ते पितळी शहर. दुष्टांच्या आणखी एका जगाचे नाव गेहेना. जेरुसलेमजवळच्या एका दरीच्या हिब्रू नावावरून ते आले. आमचा जहन्नम हा शब्द त्याचाच सख्खा भाऊ.

न्यायाने बोलायचे तर त्याच खेळात जिन्न नावाची दुसरी जमात बरीच सज्जन आहे. १९९२ साली अल-कादिम नावाने अरबी कथांवर बेतलेली एक वेगळी मालिका निघाली, तीही बऱ्यापैकी आपुलकीने लिहिलेली होती. पण नावड्यातल्या पोरापर्यंत अल-कादिम पोचत नाही. पोचतो तो लाल इफ्रीत, आणि तोही एकटा येत नाही. त्याच्या मागे सिनेमांची पलटण असते. जॅक शाहीन या अमेरिकी अभ्यासकाने नऊशेहून अधिक चित्रपट तपासून २००१ साली पुस्तक लिहिले. बहुतेक चित्रपटांत अरब माणूस एक तर खुनी, नाही तर लंपट, नाही तर विदूषक. डिस्नेच्या १९९२ सालच्या अलादीनमध्ये सुरुवातीच्या गाण्यातच कान कापण्याची भाषा होती. अरब-अमेरिकनांनी हरकत घेतल्यावर १९९३ साली ती ओळ बदलावी लागली. अमेरिकेला दोष देताना आपल्या घरचे विसरू नये. मराठी ऐतिहासिक नाटकाचा पडदा वर जातो तेव्हा कोणत्या रंगाचा अंगरखा, कोणाच्या डोळ्यांत सुरमा आणि कोणाचे गडगडाटी हास्य, हे प्रेक्षकाला तिकीट काढतानाच ठाऊक असते. त्या मुलाने मिनार अमेरिकेतून घेतले आणि अंगरखा इथून. शिलाई मात्र एकच.

कोणी म्हणेल, अहो, खेळच आहे तो. आम्हीही घटकाभर तसे म्हणून पाहिले, पण पटले नाही. नाटकात आपण प्रेक्षक असतो. या खेळात आपण स्वतः तलवार चालवतो. कोणावर वार करण्याआधी विचार करावा लागतो आणि कोणावर विचार न करता करता येतो, हे या खेळात नियमानेच ठरलेले असते. जी जमात जन्मतःच दुष्ट ठरवली, तिला मारताना कोणी थांबत नाही. उलट गुण मिळतात. आता राजधानीचे नाव करबला ठेवा आणि फासा टाका. ज्या मैदानात हजरत इमाम हुसैन जुलमी सत्तेपुढे मान न झुकवता शहीद झाले, जिथे लहान मुलेही पाण्यावाचून तडफडली, ते मैदान पाच पोरांनी जाळायचे आणि टाळ्या वाजवायच्या. पिशाच्चांना बाहेर काढणारा तो पाच वेळांचा आवाज कोणता, हे वेगळे सांगायला हवे काय? भाच्याची आजी त्याच आवाजावर डोक्यावर ओढणी घेते.

मलकुल मौत हे नाव भाच्याने दिले. तो फरिश्ता आहे, सैतान नव्हे. तो अल्लाहचा हुकूम बजावतो, आपल्या मर्जीने कोणाचा जीव घेत नाही. एवढेही आमच्या पोराला ठाऊक नव्हते. जिन्नांबद्दलही तेच. कुरआनात त्यांच्या नावाची सूरह आहे, बहात्तरावी. तिच्यात जिन्न स्वतःच सांगतात, की आमच्यात नेक आहेत आणि तसे नसलेलेही आहेत, आमच्या वाटा निरनिराळ्या आहेत. म्हणजे अग्नीपासून घडवलेल्या मखलूकालाही आमचा ग्रंथ सरसकट दुष्ट ठरवत नाही. आणि आम्ही मातीच्या माणसांना तसे ठरवू देतो, नव्हे, त्यासाठी नावे पुरवतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुसलमानाने गोष्टीत कधी दुष्ट व्हायचेच नाही काय? जरूर व्हावे. अलिफ लैलात पावलोपावली कपटी वजीर आणि लबाड काजी आहेत. आमची माणसे सज्जनच दाखवा, ही मागणी आम्ही करत नाही. तसले साहित्य पाठ्यपुस्तकी आणि निर्जीव होते. एक माणूस, त्याला नाव, त्याचा हव्यास, त्याने केलेला जुलूम, असा खलनायक खुशाल आमच्यातला असू द्या. हरकत आहे ती अख्ख्या मुलखाला, त्याच्या भाषेला, त्याच्या प्रार्थनेच्या वेळेला खलनायक करण्याला.

आता ते पितळी शहर मुळात काय होते, ते पाहू. ही गोष्ट अलिफ लैलातली आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला सुरुवात केली, तेव्हापासून अलिफ लैला मराठी वाचकाच्या घरची आहे. खलीफा अब्दुल मलिक यांच्या कानावर येते, की हजरत सुलेमानांनी बंडखोर जिन्नांना पितळी कुप्यांत कोंडून समुद्रात टाकले होते. त्या कुप्या आणायला मूसा बिन नुसैर यांचा काफिला निघतो. वाटेत पितळेचा घोडेस्वार भेटतो, तो फिरून रस्ता दाखवतो. एक इफ्रीत बगलेपर्यंत खांबात गाडलेला भेटतो, तो आपली हकिगत सांगतो. मग ते शहर. तटाला बाहेरून दरवाजा दिसत नाही. शिडीवरून एकजण वर चढतो, आत पाहतो, हर्षाने टाळी वाजवतो आणि खाली उडी टाकून मरतो. असे एकामागून एक अनेकजण. खाली सुंदर स्त्रिया बोलावताहेत असा भास त्यांना होत असतो. शेवटी वृद्ध वाटाड्या शेख अब्दुस्समद अल्लाहचे नाव घेत वर चढतो. त्याच्यापुढे तो भास टिकत नाही.

आत काय असते? सैन्य नाही, सुलतान नाही, गुलामांचा बाजार नाही. दुकाने मालाने भरलेली आणि दुकानदार बसल्या जागी मेलेले. महालात मंचकावर राणी, डोळे असे की जिवंत वाटावी. शेजारी लेख कोरलेला. दुष्काळ पडला तेव्हा आम्ही मोत्यांची मापे घेऊन धान्य शोधत फिरलो आणि एक मापही मिळाले नाही, असा त्याचा आशय. हवे तेवढे धन न्या, पण माझ्या अंगावरचे घेऊ नका, एवढीच त्या मृत राणीची विनंती. मूसा रडतात आणि मागे फिरतात. तालिब नावाचा सोबती मात्र दागिन्यांना हात घालतो आणि बाजूला उभे असलेले दोन पुतळे त्याचे डोके उडवतात.

वैरी जग यापेक्षा भयंकर ते कोणते? पण त्याचे वैर कोणाशी आहे ते पाहा. जात, दीन, मुलूख यांच्याशी नाही. हावरटपणाशी आहे. अमेरिकेतल्या खेळाने या शहराचे पितळ तेवढे उचलले आणि शहाणपण वाळवंटात टाकून दिले. तिथे आता इफ्रीतांची छावणी आहे.

दुसरे उदाहरण याहून मोठे. असे जग रचण्याची कला आमच्या दास्तानगोंइतकी क्वचितच कोणी कमावली असेल. त्या जगाचे नाव तिलिस्म. लखनौच्या मुन्शी नवल किशोर यांच्या छापखान्यातून १८८३ सालापासून तिलिस्म-ए-होशरुबा छापून येऊ लागली. पहिले भाग मुहम्मद हुसैन जाह यांचे, पुढचे अहमद हुसैन कमर यांचे. ही ज्या दास्तान-ए-अमीर हमजाची शाखा, तिचे सगळे मिळून ४६ खंड. होशरुबाचे तीन भाग आहेत, एक उघडा, एक गुप्त आणि एक अंधाराचा. मधून रक्ताची नदी वाहते. तिच्यावर धुराचा पूल. बादशहा अफरासियाब, जादूगारांचा जादूगार. नावड्याच्या पाच पोरांना वर्षभर पुरेल एवढे भय एकेका प्रकरणात आहे.

पण तिलिस्माचे नियम आहेत, आणि ते नियम शिकण्यासारखे आहेत. तिलिस्म आपोआप उगवत नाही, ते कोणीतरी बांधलेले असते. बांधणारा आहे म्हणजे त्याचा हेतू आहे. त्याचे आयुष्य ठरलेले असते आणि ते कसे मोडायचे हे एका लौहवर, म्हणजे पाटीवर, लिहून ठेवलेले असते. कितीही बलाढ्य बादशहा असला तरी ती पाटी त्याला नष्ट करता येत नाही, फार तर लपवता येते. आणि तिलिस्मातली माणसे तिलिस्माची नसतात. अफरासियाबच्याच दरबारातल्या महारुख आणि बहार या बड्या जादूगारिणी त्याला सोडून समोरच्या पक्षाला मिळतात. म्हणजे दुष्टपणा रक्तात नाही, सत्तेत आहे.

इथे आम्हाला एक कबुली द्यावी लागेल, नाही तर हा लेख खोटा ठरेल. दास्तानही निर्दोष नाही. हरलेल्या जादूगाराने अमीर हमजाचा दीन कबूल करावा, नाही तर मान द्यावी, असा तिचा रिवाज आहे. समोरच्यांची दैवते तिथे हटकून खोटी आणि हास्यास्पद असतात. आज आमच्या मिनारांचे जे होते, तेच आमच्या दास्तानगोंनी दुसऱ्यांच्या देवळांचे केले होते. लखनौच्या मैफलीत ते ऐकणाऱ्या हिंदू रसिकाला काय वाटत असेल, हे आम्ही कधी विचारले नाही. ते आज विचारले पाहिजे. देवकीनंदन खत्री यांनी १८८८ साली चंद्रकांता लिहिताना याच परंपरेतून तिलिस्म आणि ऐयार घेतले, पण तिलिस्म कारागिरांनी बांधलेले, कळ-किल्लीवर चालणारे यंत्र केले. भांडण सत्तेचे आणि प्रेमाचे ठेवले. वारसा असा घ्यायचा असतो, निवडून.

आम्ही काय केले? आमच्यातल्या एका गटाने कथा-कहाण्यांना सैतानी म्हणून घराबाहेर काढले. याच बहिणीच्या घरी एका पाहुण्याने हे फासे पाहून जुगार म्हणून गोंधळ घातला होता, हेही नमूद करतो. दुसऱ्या गटाने उर्दू ही इबादतीची भाषा असल्यासारखी कडीकुलपात ठेवली आणि मराठीत बोलणाऱ्या, मराठीत स्वप्ने पाहणाऱ्या आपल्या मुलांना किल्ली दिलीच नाही. २००५ सालापासून शम्सुर रहमान फारुकी यांच्या प्रेरणेने दास्तानगोई पुन्हा रंगमंचावर आली, दिल्ली-मुंबईत गर्दी झाली. पण तळोजे-पनवेलच्या, श्रीवर्धन-म्हसळ्याच्या पोराला आम्ही मराठीतून होशरुबा कधी सांगितली? त्याच्या हाती आपल्या वारशातले काही लागले नाही, तेव्हा दुसऱ्याने रंगवलेला आपलाच भेसूर मुखवटा त्याला ओळखीचा वाटला. मित्राने नावे मागितली तेव्हा त्याला आनंद झाला. आपल्याकडचे काहीतरी कोणाला तरी हवे आहे, याचा आनंद. त्या आनंदाची आम्हाला सगळ्यात जास्त लाज वाटली.

रविवारी सकाळी दोघांना घेऊन आम्ही फिरायला निघालो. नदी दाखवायला. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतून वाहणारी कासाडी नदी पुढे खाडीला मिळते. २०१७ सालच्या ऑगस्टमध्ये याच भागात निळी कुत्री फिरताना दिसली. निळ्या कुत्र्यांची छायाचित्रे जगभर छापून आली. कारखान्याच्या रंगद्रव्याने त्यांची कातडी रंगली होती. प्रदूषण नियंत्रण मंडळाने तेव्हा एक कारखाना बंद केला. नदीच्या दूषित पाण्याचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. या पाण्यावर आगरी-कोळ्यांच्या किती पिढ्या जगल्या, हे मित्राला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक होते. त्याच्या आजोबांचे जाळे माळ्यावर पडून आहे, हे त्यानेच सांगितले. रात्री उग्र वास सुटला की बहिणीच्या इमारतीत खिडक्या लागतात. करीमची आणि काशिनाथची, सगळ्यांच्या एकदमच लागतात.

आम्ही त्याला म्हटले, बाळा, तू वाळवंटात कशाला जातोस? ज्या जगात प्राण्यांचा रंग बदलतो, हवा रात्री वैरी होते, नदी असून मासा नाही, ते जग तुझ्या खिडकीबाहेर आहे. ते कोणा जमातीने आपल्या स्वभावाने केलेले नाही. कोणीतरी बांधले, कोणीतरी परवानगी दिली, कोणाचा तरी फायदा झाला. तुझ्या गोष्टीतही तेवढे शोध. हे जग कोणी रचले? कशासाठी? त्याचा नियम काय? तो नियम मोडणारी पाटी कुठे लपवली आहे? आणि आत राहणाऱ्यांपैकी कोण मनातून कंटाळला आहे, कोण फितूर होऊ शकतो? एवढी उत्तरे जमली तर जग भयानक होईल, आणि त्यासाठी कोणाची अजान उसनी घ्यावी लागणार नाही.

पोरगा हुशार. लगेच वाद घातला. म्हणाला, "मामू, पण खेळताना शत्रू पटकन ओळखू यायला हवा ना? नाही तर मजा काय?" आम्ही म्हटले, शत्रू पटकन ओळखू येतो असे ज्यांना वाटते, त्यांच्याच भीतीने तुझ्या या मित्राची आई रेल्वेत बुरखा काढून पिशवीत ठेवते. तो गप्प झाला. भाचाही गप्प झाला. त्याला हे माहीत नव्हते.

त्या दुपारी नकाशावरचे करबला खोडले गेले. पाच वेळांचा आवाज मात्र राहिला, कारण तो आधीच्या शनिवारी सगळ्यांनी ऐकला होता आणि खेळात घडलेले पुसता येत नाही. आता तो आवाज कारखान्याच्या भोंग्याचा आहे, असे पुढच्या खेपेला उघड होणार म्हणे.

हा खेळ बनवणाऱ्या कंपनीनेही २०२० सालच्या जूनमध्ये जाहीरपणे मान्य केले, की ऑर्क आणि ड्राऊ या जमाती आजवर जशा रंगवल्या गेल्या त्यात खऱ्या मानवसमूहांच्या बदनामीची वेदनादायक छाया होती. म्हणजे बदल होऊ शकतो. पण तो केवळ हरकती घेऊन होत नाही. ओळ गाळता येते, नाव खोडता येते, रिकाम्या जागी घालायला मात्र आपल्याकडे काही असावे लागते. म्हणून आमचे वाचकांना सांगणे इतकेच, की पोरांच्या हातातले फासे पाहून ओरडू नका. त्यांच्या शेजारी बसा. त्यांच्या नकाशावर काळे मिनार दिसले तर कोणी आणि का काढले ते विचारा. आणि त्याच रात्री त्यांना, त्यांच्या आगरी-कोळी-मराठा मित्रांसकट, पितळी शहराची खरी गोष्ट सांगा. मराठीत सांगा.

परवा भाच्याचा फोन आला होता. पाटीचे तीन तुकडे झाले आहेत, दोन सापडले आहेत. तिसऱ्यासाठी त्याला होशरुबातल्या फितूर जादूगारिणींची हकिगत हवी होती. आम्ही फोनवर तासभर सांगत होतो.